विद्यापीठात रोइंग सुरू करताय? वल्हं हाती घेण्याआधी हे वाचा

बहुतेक खेळांत अठराव्या वर्षी पहिला धडा घेणाऱ्याला स्पर्धेचं दार जवळपास बंद झालेलं असतं. रोइंगमध्ये तसं नाही. हेलन ग्लोव्हर यांनी २००८ मध्ये पहिल्यांदा रोइंग सुरू केलं आणि २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवलं. दत्तू भोकनळ सैन्यात गेल्यावर वल्हवायला शिकले आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सिंगल स्कल (एकट्यानं दोन वल्ह्यांनी वल्हवायची बोट) प्रकारात तेराव्या क्रमांकावर आले. ही माणसं असामान्य आहेत हे खरं, पण लहानपणापासून बोटीत बसलेली नाहीत. म्हणूनच विद्यापीठांचे रोइंग क्लब आयुष्यात कधी वल्हं न धरलेल्या मुलामुलींना दर वर्षी नव्यानं घेतात.

मी पदवी करता करता रोइंग केलं आणि पुढे नवख्यांच्या तुकड्यांबरोबर कामही केलं. माझ्या पाहण्यात खेळ सोडणाऱ्यांपैकी थोडेच मेहनत झेपली नाही म्हणून सोडतात. अभ्यास आणि सराव यांच्या वेळा एकमेकांवर आदळतात, सत्राच्या मध्यावर दोन्हीकडची बोलणी खावी लागतात आणि मग माणूस खेळावर पाणी सोडतो. त्यात रोइंगची अडचण आणखी वेगळी. फुटबॉलच्या सरावाला एक जण आला नाही तरी सराव होतो. आठ जणांच्या बोटीत ऐनवेळी एक जागा रिकामी राहिली आणि बदली मिळाला नाही, तर उरलेले सात जण आणि कॉक्स (बोटीची दिशा सांभाळून हुकूम देणारा) काठावरच राहतात. हे सुरुवातीलाच ध्यानात घेतलं तर पुढचं बरंच सोपं जातं.

१. नाव नोंदवण्याआधी सत्राचं वेळापत्रक पुढ्यात घ्या

तासिका, प्रात्यक्षिकं, असाइनमेंटच्या तारखा, परीक्षा, क्षेत्रभेटी, सगळं एकाच कॅलेंडरवर मांडा. मग क्लबकडून सरावाच्या वेळा आणि वर्षभरातल्या स्पर्धांच्या तारखा मागून घ्या आणि त्याच कॅलेंडरवर दुसऱ्या रंगानं लिहा. दोन रंग कुठे एकमेकांवर येतात ते लगेच दिसतं.

इथे पहिला सापळा आहे. क्लब सांगतो, "सराव दीड तासाचा." त्यात बोट रॅकवरून काढणं, रिगर (वल्हं धरून ठेवणारी बोटीबाहेरची चौकट) आणि फूटस्ट्रेचर (पाय रोवायची फळी) तपासणं, परत आल्यावर बोट धुऊन पुसून ठेवणं, अंघोळ, खाणं आणि जाण्यायेण्याचा वेळ धरलेला नसतो. पाण्यावरच्या एका सरावासाठी अडीच ते तीन तास राखून ठेवा. सरावाला लागूनच प्रयोगशाळेची तासिका असेल आणि तुम्हाला तुकडी निवडता येत असेल, तर सत्र सुरू होण्याआधीच दुपारची तुकडी मागा. सत्र सुरू झाल्यावर बदल मिळणं फार अवघड असतं.

प्रशिक्षकांना पहिल्याच भेटीत स्पष्ट विचारा: नवख्यांना आठवड्यातून किती सराव सक्तीचे आहेत? त्यातले पाण्यावर किती आणि एर्गवर (रोइंगच्या यंत्रावर) किती? परीक्षेच्या काळात काय करता? स्पर्धेला जायचं तर किती दिवस बाहेर राहावं लागतं? वर्गणीत काय येतं आणि काय येत नाही? याची नीट उत्तरं देणारा क्लब पुढेही तुमच्या अभ्यासाचा विचार करतो. "आधी या तर खरं, मग बघू" असं उत्तर आलं तर जपून.

सुरुवातीला पहिलं किंवा दुसरं वर्ष उत्तम. शेवटच्या वर्षी प्रबंध चालू असताना सुरू करायचं असेल, तर आठवड्याला दोन-तीन सराव असलेल्या हौशी गटात जा. स्पर्धेच्या तुकडीचा भार त्या वर्षी अंगावर घेऊ नका.

२. बोटीची भाषा शिकून घ्या

पहिल्या दिवशी सगळे जे शब्द सहज वापरतात ते माहीत नसतील तर माणूस बावरतो. मोजके शब्द पुरेत.

प्रत्येकाच्या हातात एकच लांब वल्हं असेल तर ते स्वीप. दोन्ही हातांत एकेक लहान वल्हं असेल तर ते स्कलिंग. स्वीपच्या बोटी दोघांच्या, चौघांच्या आणि आठ जणांच्या. स्कलिंगच्या एकट्याच्या, दोघांच्या आणि चौघांच्या. जागांचे क्रमांक साधारणपणे बोटीच्या पुढच्या टोकापासून मोजतात: एक नंबरचा तो बो, आणि आठाच्या बोटीत आठ नंबरचा तो स्ट्रोक. सगळे त्याच्या लयीत वल्हवतात. तुम्ही बोट जाते त्याच्या उलट्या दिशेला तोंड करून बसता. पुढचं दिसतं ते कॉक्सला; म्हणून दिशा, सुरक्षा आणि हुकूम त्याच्याकडे किंवा तिच्याकडे.

कॉक्स म्हणजे बोटीत बसायला मिळालेला हलका माणूस, असं समजू नका. चांगला कॉक्स शर्यत जिंकून देतो. तुमची उंची किंवा वजन कमी असेल, आवाज खणखणीत असेल आणि गडबडीत डोकं शांत राहत असेल, तर ही जागा स्वतःहून मागा. आंतरराष्ट्रीय नियमांत कॉक्सचं किमान वजन ५५ किलो आहे. कमी असेल तर बोटीत तेवढं जादा वजन ठेवतात. म्हणजे कॉक्स व्हायचं म्हणून उपाशी राहण्यात काहीच फायदा नाही.

शर्यती मुख्यतः दोन प्रकारच्या. शेजारशेजारच्या लेनमधली शर्यत २००० मीटरची (२०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये ती १५०० मीटरची असेल). दुसरी हेड रेस: काही किलोमीटरचं अंतर, बोटी एकामागून एक सुटतात आणि वेळ मोजली जाते. नवख्यांसाठी ५०० किंवा १००० मीटरच्या शर्यतीही असतात. विद्यापीठांचं आणि या खेळाचं नातं जुनं आहे. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांची पहिली शर्यत १८२९ मध्ये झाली, हार्वर्ड आणि येल यांची १८५२ मध्ये.

३. कागदपत्रं एकदाच जमवा

स्पर्धेच्या नोंदणीची मुदत संपत आली की धावपळ होते ती कागदांसाठी. साधारण हे लागतं:

- विद्यापीठाचं ओळखपत्र आणि चालू सत्रात शिकत असल्याचा दाखला
- जन्मतारखेचा पुरावा (वयोगटासाठी)
- डॉक्टरांचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र
- पोहता येत असल्याचा दाखला किंवा क्लबच्या पोहण्याच्या चाचणीचा निकाल
- क्लबचं सदस्यत्व आणि जिथे लागते तिथे संघटनेची खेळाडू नोंदणी
- विम्याचा तपशील. प्रवासातल्या स्पर्धा त्यात येतात का ते वाचून घ्या
- आणीबाणीत कुणाला कळवायचं त्याचं नाव आणि नंबर
- अठरा पूर्ण नसतील तर पालकांचं संमतिपत्र

दमा, अपस्मार, हृदयाचा त्रास, पूर्वीची पाठीची दुखापत हे लपवू नका. पाण्याच्या मध्यावर झटका आला तर शेजारच्याला काय करायचं ते माहीत असायला हवं. नियमित औषधं चालू असतील तर ती उत्तेजकांच्या यादीत येतात का ते डॉक्टरांकडून तपासून घ्या. येत असतील तर सवलतीचा अर्ज आधी करायचा असतो.

अनेक ठिकाणी विद्यापीठाच्या संघात खेळायला ठरावीक विषय उत्तीर्ण असावे लागतात किंवा हजेरीची अट असते. ती अट लेखी मागून घ्या.

४. पोहणं आणि पाण्यावरचे नियम

पोहता येत नसेल तर आधी ते शिका. यात तडजोड नाही. कपड्यांसह काही अंतर पोहता येणं, पाण्यात तरंगत राहता येणं आणि पाण्याखाली गेल्यावर न घाबरणं, एवढं हवंच. क्लब बोट उलटण्याचा सराव घेत असेल तर तो चुकवू नका.

बोट उलटली तर बोट सोडू नका. ती तरंगते आणि लांबून दिसते. किनारा जवळ वाटला तरी पोहत निघू नका, थंड पाण्यात तर मुळीच नाही. बसण्याआधी रोज दोन गोष्टी स्वतः पाहा: बुटांच्या टाचांना बांधलेली दोरी शाबूत आहे का (उलटल्यावर पाय तिच्यामुळेच सुटतात) आणि बोटीच्या टोकावरचा रबरी गोळा जागेवर आहे का. वीज चमकली की बाहेर या. शेवटचा गडगडाट होऊन अर्धा तास होईपर्यंत पाण्यात जाऊ नका.

५. एर्गशी ओळख

एर्ग म्हणजे व्यायामशाळेतलं रोइंगचं यंत्र. पहिला बराच काळ तुमची गाठ त्याच्याशीच.

यंत्राच्या बाजूला १ ते १० आकड्यांचा डॅम्पर असतो. नवखे तो १० वर ठेवतात, कारण वाटतं की जास्त आकडा म्हणजे जास्त व्यायाम. डॅम्पर फक्त पंख्यात किती हवा शिरते ते ठरवतो. १० वर प्रत्येक ओढ जड आणि सावकाश होते आणि भार कमरेवर येतो. पडद्यावर ड्रॅग फॅक्टर, म्हणजे पंख्याला हवेचा रोध किती ते सांगणारा आकडा, दिसतो; तो बहुतेकांना ११० ते १३० च्या दरम्यान सोयीचा पडतो. प्रशिक्षक जो सांगतील तोच ठेवा, आणि यंत्र बदललं की पुन्हा तपासा, कारण धुळीनं भरलेल्या यंत्राचा त्याच डॅम्परला ड्रॅग वेगळा येतो.

पडद्यावरचा महत्त्वाचा आकडा स्प्लिट: याच वेगानं ५०० मीटरला किती वेळ लागेल तो. स्प्लिट २:०० म्हणजे २००० मीटर आठ मिनिटांत. सुरुवातीला स्प्लिट भराभर उतरतो आणि मग अडतो, तेव्हा मुलं खचतात. याचं कारण गणितात आहे. लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. २:०० ला साधारण २०३ वॉट लागतात, १:५० ला साधारण २६३. म्हणजे दहा सेकंदांसाठी जवळपास तीस टक्के जास्त ताकद. पुढचे दोन सेकंद कमी करायला आधीच्या पाच सेकंदांइतका घाम गाळावा लागला, तर तुमचं काही चुकत नाहीये.

एर्गवरचा बहुतांश सराव सावकाश हवा: मिनिटाला १८ ते २० स्ट्रोक (एक ओढ आणि परत येणं मिळून एक स्ट्रोक), शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल अशा जोरात, पाऊण ते एक तास. नवख्यांना हे कंटाळवाणं वाटतं आणि ते रोज स्पर्धेसारखं ओढतात. मग सावकाश सराव पुरेसा सावकाश होत नाही, जोराच्या सरावाला जोर उरत नाही, आणि दुपारच्या तासिकेला डोळे मिटतात. अभ्यास सांभाळायचा असेल तर सावकाश सराव सावकाशच करा.

२००० मीटरच्या पहिल्या चाचणीत पहिले ५०० मीटर हात राखून ओढा. सुरुवातीला अंगात उसनं बळ असतं आणि स्प्लिट फसवा दिसतो. तिसऱ्या ५०० मध्ये त्याची परतफेड करावी लागते.

६. पाण्यावरचे पहिले आठवडे

स्ट्रोकचा क्रम पाठ करा: ओढताना आधी पाय, मग कमरेतून धड, शेवटी हात. परत येताना नेमकं उलट: हात, धड, मग गुडघे. ओढण्याला जेवढा वेळ, त्याच्या साधारण दुप्पट वेळ परत यायला. नवख्यांच्या बऱ्याचशा चुका या क्रमाच्या असतात. पाय पूर्ण सरळ होण्याआधीच कोपर वाकतं. किंवा सरकती सीट मागे पळते आणि हँडल जागेवरच राहतं, म्हणजे पायांची ताकद वल्ह्यापर्यंत पोचतच नाही. किंवा माणूस घाईनं पुढे सरकतो आणि बोटीचा वेग खातो.

हँडल मुठीत आवळू नका. ते बोटांच्या आकड्यात अडकलेलं हवं, मनगट सपाट. स्वीपमध्ये ब्लेड (वल्ह्याचं पातं) फिरवायचं काम आतल्या, म्हणजे रिगरकडच्या हाताचं, ओढायचं काम मुख्यतः बाहेरच्या हाताचं. दोन्ही हातांनी फिरवायला गेलात की मनगटं सुजतात.

नवख्यांच्या आठात सुरुवातीला चौघे वल्हवतात आणि बाकीचे चौघे ब्लेड पाण्यावर सपाट टेकवून बोट तोलतात. तोलण्याची पाळी आली की ती विश्रांती समजू नका. तुमचं हँडल दोन बोटं वरखाली झालं तरी बोट कलते आणि पलीकडच्या बाजूच्याला वल्हं पाण्याबाहेर काढता येत नाही. या वेळात पुढच्याच्या पाठीकडे बघा. तो पुढे कधी झुकतो, ब्लेड कधी टाकतो ते डोळ्यात बसवा. अंगावर जादा कपडा ठेवा, कारण बसून राहिलं की थंडी वाजते.

कधीतरी ब्लेड तिरकं शिरून पाण्यात अडकेल आणि हँडल पोटाकडे झेपावेल. याला क्रॅब म्हणतात आणि प्रत्येकाला तो लागतो. त्याच्याशी झुंजू नका. मागे झोपा, हँडल डोक्यावरून जाऊ द्या, कॉक्सला ओरडून सांगा. बोट थांबली की वल्हं सावकाश परत आणा.

बोट उचलताना गप्पा बंद. कॉक्स बोलेल तेवढंच ऐकायचं. आठाची बोट सतरा-अठरा मीटर लांब असते आणि नियमानं किमान ९६ किलोची. वळताना पुढच्या टोकाच्या माणसाला दिसत नाही की मागचं टोक भिंतीला लागतंय. बोटीचं अंग पातळ असतं, भेग पडायला एक धक्का पुरतो.

७. कपडे आणि हात

पहिल्या दिवशी काही विकत घेऊ नका. अंगाला घट्ट बसणारी शॉर्ट किंवा लेगिंग, घट्ट टीशर्ट, मोजे, टोपी, पाण्याची बाटली बस्स. ढगळ टीशर्टच्या कडेत हँडल अडकतं आणि ढगळ पँट सीटच्या चाकाखाली जाते. शर्यतीचा एकसंध पोशाख संघात निवड झाल्यावर घ्या. खिशात १० मिलिमीटरचा पाना ठेवा. रिगरचे बरेचसे नट त्यानं आवळता येतात आणि पाना जवळ असलेला नवखा सगळ्यांना आवडतो.

हाताला फोड येणारच. हातमोजे घालू नका, पकड कळत नाही. फोडाची कातडी ओढून काढू नका. धुवा, कोरडं ठेवा, सरावापुरती पट्टी बांधा. हँडल साबणानं पुसायची सवय लावा, उघड्या फोडांतून संसर्ग पसरतो.

८. अभ्यासाचा आठवडा बसवा

सराव पहाटे का ठेवतात? वारा कमी असतो आणि पाणी स्थिर असतं. त्याची किंमत झोपेत चुकवू नका. साडेपाचला पाण्यावर जायचं असेल तर साडेनऊला दिवा बंद व्हायला हवा, आणि हे वसतिगृहात सोबत राहणाऱ्यांना आधीच सांगायला हवं. सलग काही दिवस पाच तास झोपून दोन्ही सांभाळणारा मी कुणी पाहिला नाही. आधी वाचलेलं लक्षात राहणं थांबतं, मग सर्दी, मग दुखापत.

सरावानंतरचे दोन तास डोकं जड असतं. त्या वेळेत अवघड वाचन ठेवू नका. टिपणं नीट लावणं, संदर्भ शोधणं, ईमेल अशी कामं ठेवा. अवघड काम दुपारच्या किंवा संध्याकाळच्या ठरलेल्या वेळेत, आणि शक्यतो सराव नसलेल्या दिवशी. आठवड्यातला एक दिवस पूर्ण विश्रांतीचा असतोच. तो दिवस अभ्यासानं गच्च भरण्याचा मोह होतो. निदान अर्धा दिवस तरी मोकळा सोडा.

असाइनमेंटची स्वतःची तारीख खऱ्या तारखेच्या तीन दिवस आधीची धरा. स्पर्धेच्या आठवड्यात काही जमा करायचं असेल तर निघण्याआधी जमा करा. प्रवासात लिहीन, हॉटेलात लिहीन, हे होत नाही.

प्राध्यापकांशी सत्राच्या सुरुवातीलाच बोला. स्पर्धेच्या तारखा, क्लबचं किंवा क्रीडा विभागाचं पत्र आणि बुडणाऱ्या तासिका कशा भरून काढणार ते, असं सगळं एका छोट्या ईमेलमध्ये कळवा. मुदतवाढ मिळेलच असं धरून चालू नका. पण महिनाभर आधी विचारणाऱ्याला आणि आदल्या रात्री विचारणाऱ्याला मिळणारी उत्तरं वेगळी असतात. गटप्रकल्पातल्या सोबत्यांनाही तारखा द्या. रोइंगमुळे त्यांच्यावर काम ढकललं जातंय अशी भावना एकदा झाली की ती जात नाही.

क्रूला, म्हणजे बोटीतल्या सोबत्यांना, कळवण्याचा नियम सोपा आहे. येणं जमणार नाही हे कळलं की त्याच क्षणी सांगा, म्हणजे बदली माणूस शोधता येतो. न सांगता गैरहजर राहणं या खेळात विसरलं जात नाही.

९. शरीराचं ऐका

भूक प्रचंड वाढते. ती भागवा. सरावाआधी पचायला हलकं काहीतरी, नंतर शक्यतो तासाभरात पूर्ण जेवण.

लाइटवेट, म्हणजे हलक्या वजनाच्या खेळाडूंच्या गटात आंतरराष्ट्रीय मर्यादा पुरुषांना ७२.५ किलो आणि महिलांना ५९ किलो अशी आहे. २०२४ च्या पॅरिसनंतर हा गट ऑलिंपिकमधून गेला आहे. पहिल्या वर्षी वजन उतरवून या गटात बसण्याचा प्रयत्न करू नका, कुणी सुचवलं तरी. कमी खाऊन जास्त सराव केला की हाडं कमकुवत होतात, झोप उडते, मुलींची पाळी अनियमित होते किंवा थांबते. पाळी थांबणं हे चांगल्या सरावाचं लक्षण नाही. डॉक्टरांकडे जायची वेळ आहे.

कंबर, बरगड्या आणि मनगट या तीन जागा जपा. खोल श्वास घेताना किंवा खोकताना बरगडीत एका जागी दुखत असेल तर तो हाडाला पडलेला बारीक तडा असू शकतो. ओढत राहू नका. कंबरदुखी पायात उतरत असेल तर त्याच दिवशी थांबा.

१०. पहिली शर्यत

आदल्या दिवशी रिगर काढून बोटी ट्रेलरवर चढवतात. हे सगळ्यांचं काम आहे, परीक्षा नसेल तर टाळू नका. सुटे नट एका डब्यात, प्रत्येक रिगरवर जागेचा क्रमांक. स्पर्धेच्या ठिकाणी पोचल्यावर आधी बोट जोडा, मग बाकी सगळं.

नोंदणी, कॉक्सचं वजन, बोटीचा क्रमांक, पाण्यावर जायची वेळ, हे कॉक्स आणि कप्तान बघतात. तुम्ही ओळखपत्र जवळ ठेवा आणि ठरल्या वेळी बोटीपाशी उभे राहा. सुरुवातीच्या रेषेवर हुकुमाआधी सुटलात तर ताकीद मिळते. दुसऱ्यांदा झालं तर बाद. सुटल्यावर पहिले काही स्ट्रोक आखूड आणि जलद असतात, मग लांबी वाढवतात. शेजारच्या लेनकडे बघू नका: मान वळली की खांदा वळतो आणि बोट कलते. किती पुढे, किती मागे ते कॉक्स सांगेल.

११. परीक्षेचे आठवडे

परीक्षेचं वेळापत्रक लागलं की त्याच दिवशी प्रशिक्षकांना द्या. मोठ्या बोटीऐवजी एर्ग किंवा सिंगल मागा. त्यात तुमच्या येण्याजाण्यावर कुणी अडत नाही. सराव पूर्ण बंद करू नका. अर्ध्या तासाचे दोन-तीन हलके सराव झोपेला आणि एकाग्रतेला मदत करतात. चाचण्या आणि जड वजनं या काळात नकोत.

परीक्षा संपल्यावर पहिला आठवडा निम्म्या भारानं करा आणि दुसऱ्या आठवड्यात थोडं वाढवा. सुट्टीनंतर एकदम पूर्ण जोरात ओढल्यानं कंबर आणि बरगड्या धरतात. निकाल लागला की तो आणि पुढच्या सत्राचं वेळापत्रक घेऊन प्रशिक्षकांना भेटा आणि पुढच्या वर्षी स्पर्धेच्या तुकडीत राहायचं की हौशी गटात जायचं, ते तेव्हाच ठरवा.